जाणारे आणि राहणाऱ्या : कोळी कुटुंबाच्या निरोपाची चित्रे आणि त्यांचा भावार्थ

१

मुंबईच्या कोळी समाजाची चित्रे आधुनिक भारतीय चित्रकलेत विपुल आहेत. डोक्यावर पाटी घेतलेली कोळीण, किनाऱ्याला लागलेली होडी, नारळी पौर्णिमेची मिरवणूक, वाळत घातलेले बोंबील हे विषय सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टच्या परंपरेतील चित्रकारांनी पिढ्यान्‌पिढ्या हाताळले. मात्र या सुपरिचित चित्रांकडे एकत्र पाहिले असता एक उणीव जाणवते. दर्यावर निघालेला नाखवा आणि त्याला निरोप देणारे त्याचे कुटुंब एकाच चौकटीत क्वचितच आढळते. समुद्रावर जाणे हा या समाजाच्या जगण्याचा गाभा, आणि जाणारा परत येईलच याची खात्री नसणे हे त्या जगण्यातले कायमचे सत्य. असे असताना निरोपाचा क्षण चित्रविषय म्हणून का रुजला नाही, हा प्रश्न केवळ कलेतिहासाचा नाही. एखाद्या चित्रातील भाव आपण कोणत्या परंपरेच्या आधारे ओळखतो आणि त्या ओळखीतून चित्रातील माणसांविषयी कोणते निष्कर्ष काढतो, हा तौलनिक साहित्याभ्यासाचाही प्रश्न आहे.

युरोपीय चित्रकलेत हा विषय रुजला, एवढेच नव्हे तर एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात त्याची एक स्वतंत्र शाखाच निर्माण झाली. त्या शाखेतील सर्वांत विचारपूर्वक रचलेली कृती म्हणून शार्ल कोते (१८६३–१९२५) या फ्रेंच चित्रकाराच्या 'समुद्राच्या देशात' या त्रिपटाचा निर्देश करावा लागेल. १८९८ मध्ये पॅरिसच्या सालोनात मांडले गेलेले हे त्रिपट आता तेथील ऑर्से संग्रहालयात आहे. मधल्या फलकात निरोपाचे जेवण आहे. दिव्याच्या उजेडात मेजाभोवती एका मच्छीमार कुटुंबातील लहानथोर माणसे बसली आहेत आणि त्यांच्या पाठीमागे समुद्र आहे. डावीकडच्या फलकात होडीत दाटीने बसलेले पुरुष, उजवीकडच्या फलकात किनाऱ्यावर थांबलेल्या, काळ्या वस्त्रांतील स्त्रिया. तिन्ही फलकांवर गडद निळी छाया पसरली आहे, फक्त मधल्या फलकात दिव्याची ऊब आहे.

बाजूच्या दोन फलकांची शीर्षके मराठीत जशीच्या तशी आणता येतात : 'जाणारे' आणि 'राहणाऱ्या'. फ्रेंचप्रमाणे मराठीतही लिंगभेद सर्वनामात व धातुसाधितात उमटतो. त्यामुळे कोण जाते आणि कोण राहते हे सांगण्यासाठी 'पुरुष' आणि 'स्त्रिया' असे शब्द वापरावे लागत नाहीत. इंग्रजीत ही शीर्षके लिंगनिरपेक्ष होतात आणि चित्राच्या रचनेतील मूळ गृहीतक नाहीसे होते. जाणे पुरुषांचे, राहणे स्त्रियांचे हे येथे व्याकरणानेच ठरवून टाकले आहे. हे गृहीतक कोळी समाजाच्या चित्रांना कितपत लागू पडते, याची तपासणी हा प्रस्तुत निबंधाचा विषय आहे.

२

कोतेच्या त्रिपटामागे सुमारे चाळीस वर्षांची परंपरा होती. हेग संप्रदायाचे योसेफ इस्राएल्स यांनी १८६१ मध्ये बुडालेल्या माणसाला वाहून आणणाऱ्या मच्छीमारांचे मोठे चित्र रंगविले. इंग्लंडमध्ये फ्रँक हॉल यांनी १८७० मध्ये समुद्राकडून काहीच वार्ता न आलेल्या घराचे चित्र काढले. कॉर्नवॉलच्या किनाऱ्यावर न्यूलिन येथे जमलेल्या चित्रकारांपैकी फ्रँक ब्रॅमली यांच्या १८८८ च्या चित्रात रात्रभर जागलेली तरुण स्त्री वृद्धेच्या मांडीत डोके खुपसून बसली आहे आणि खिडकीबाहेर आशाहीन पहाट उजाडते आहे. वॉल्टर लँगली यांनीही तेथेच हा विषय वारंवार हाताळला. या चित्रांची घटना बहुधा निरोपानंतरची आहे : वाट पाहणे, बातमी न येणे, प्रेत येणे. निरोप त्यांत गृहीत धरलेला असतो.

कोतेने या मालिकेत निरोपालाच मध्यवर्ती स्थान दिले आणि त्यासाठी वेदीवरच्या चित्राचा आकार निवडला. त्रिपट हा ख्रिस्ती उपासनेतला आकार आहे. मेजाभोवतीचे जेवण पाहताना युरोपीय प्रेक्षकाला ख्रिस्ताचे अखेरचे भोजन आठवल्याशिवाय राहत नाही. त्यामुळे मच्छीमाराचे जाणे हे रोजच्या कामासाठीचे जाणे न राहता बलिदानाची पूर्वसूचना ठरते. फलकांचा क्रमही लक्षणीय आहे. कालक्रमाने जेवण आधी, जाणे नंतर. पण डावीकडून उजवीकडे पाहणाऱ्याला आधी होडी दिसते, मग जेवण, मग रिकामा किनारा. माणसे निघून गेली आहेत हे कळल्यानंतर आपण त्यांना जेवताना पाहतो. मधल्या फलकातील ऊब म्हणूनच सुखाची वाटत नाही; ती स्मृतीसारखी वाटते.

या गांभीर्याचा उगम कोठे आहे हे पाहणे उपयुक्त ठरते. कोते ज्या कामारे या ब्रिटनीतील बंदरात वर्षानुवर्षे राहून चित्रे काढीत होता, ते त्या काळी मुख्यतः सार्डीन माशाचे बंदर होते. हिवाळ्याच्या अखेरीस निघून उन्हाळ्याच्या अखेरीस परतणारे, कित्येकदा न परतणारे ताफे आइसलंडकडे जात ते ब्रिटनीच्या उत्तर किनाऱ्यावरील पँपोलसारख्या बंदरांतून. त्या दीर्घ विरहाला पियेर लोती यांच्या 'आइसलंडचा मच्छीमार' (१८८६) या कादंबरीने फ्रेंच वाचकांच्या मनात पक्के स्थान दिले होते. नायिका गोद हिची अखेरपर्यंत चाललेली प्रतीक्षा आणि यानचे न परतणे यांनी ब्रिटनीचा किनारा म्हणजे प्रतीक्षेचा प्रदेश असे समीकरण तयार केले. कोतेच्या चित्रात कामारेची माणसे आहेत. पण त्यांच्यावर पडलेली छाया बऱ्याच अंशी या साहित्याची आहे असे म्हणता येईल. त्याने एका बंदराचे चित्र काढले नाही, 'समुद्राच्या देशा'चे काढले. चित्राचा भाव हा समोर दिसलेल्या जीवनाइतकाच वाचलेल्या संहितेतूनही येतो, याचे हे स्पष्ट उदाहरण आहे.

उलट दिशेचा प्रवासही पाहता येतो. १९०४ मध्ये डब्लिनच्या रंगभूमीवर आलेल्या जे. एम. सिंज यांच्या 'रायडर्स टू द सी' या एकांकिकेत कोतेच्या चित्रातील जेवणाची जणू मोडतोड झाली आहे. आयर्लंडच्या पश्चिमेकडील बेटावरची वृद्ध मॉऱ्या शेवटच्या उरलेल्या मुलाला, बार्टलीला, जाऊ देत नाही. रागाच्या भरात ती त्याला आशीर्वाद देत नाही आणि त्याच्यासाठी भाजलेली भाकरीही द्यायची राहून जाते. मुली तिला भाकरी घेऊन त्याच्या मागे पाठवतात. ती हातात भाकरी तशीच घेऊन परत येते. कोतेच्या कुटुंबाने विधिपूर्वक जेवून निरोप घेतला. सिंजच्या कुटुंबात निरोप अपुरा राहिला आणि शोकांतिकेची सगळी धार त्या अपुरेपणात आहे. दोन्ही कृतींत अन्न हेच निरोपाचे माध्यम असावे हा योगायोग नव्हे. जाणारा जे मिळवायला जातो ते अन्नच असते.

३

भारतीय परंपरेत निरोपाची चित्रे नाहीत असे नाही. पण त्यांतील जाणारा मनुष्य वेगळा आहे. संस्कृत काव्यशास्त्राने विप्रलंभ शृंगाराच्या भेदांत 'प्रवास' मोजला. भरताच्या अष्टनायिकांत पती परदेशी गेलेली प्रोषितभर्तृका आहे, आणि ज्याचा पती निघण्याच्या बेतात आहे अशा नायिकेचा वेगळा भेद काही उत्तरकालीन ग्रंथांनी मानला. केशवदासाच्या 'कविप्रिया'त (१६०१) येणाऱ्या बारामाशात नायिका प्रत्येक महिन्याचे सौंदर्य सांगून या महिन्यात जाऊ नका असे प्रियकराला विनवते. बुंदी आणि पहाडी शैलीच्या चित्रकारांनी या बारामाशाला सज्ज्यावर बसलेले युगुल, खाली सण, मेघ, नदी अशी दृश्यरूपे दिली. दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयातील लघुचित्रांच्या संग्रहात या परंपरेचा परिचय होतो.

या चित्रांतील निरोप ऋतूने नियंत्रित आहे. वाटा सुकल्या की पुरुष जातो, पाऊस आला की त्याने परतावे ही अपेक्षा. जाणारा राजपुरुष, सैनिक किंवा व्यापारी आहे. आणि निरोप हा दोन प्रेमिकांचा खाजगी प्रसंग आहे. मुले, आईबाप, चूल यांचा त्यात समावेश नाही. कुटुंबाचा निरोप पाहायचा तर आपल्याला 'अभिज्ञानशाकुंतला'च्या चौथ्या अंकाकडे जावे लागते, आणि तेथे जाते ती मुलगी. घरातून मुलीची पाठवणी हाच भारतीय कुटुंबाचा सर्वमान्य सामुदायिक निरोप आहे. त्यातले अश्रू संकेताने मान्य आहेत. कामावर निघालेल्या पुरुषासाठी रडणे मात्र अशुभ मानले जाते. मराठीत निघणारा 'जातो' म्हणत नाही, 'येतो' म्हणतो. भाषेनेच जाण्याचा उच्चार टाळला असेल, तेथे त्या क्षणाचे चित्र भिंतीवर लावणे सोपे नव्हते.

राजा रविवर्मा यांनी या संकेताला आधुनिक कुटुंबाची चौकट दिली. १८९३ मध्ये शिकागोच्या जागतिक प्रदर्शनात पाठविलेल्या त्यांच्या चित्रांत 'ते पहा, बाबा आले' या आशयाच्या शीर्षकाचे एक चित्र होते. मुलाला कडेवर घेतलेली आई चौकटीबाहेर पाहते आहे. बाबा चित्रात नाहीत. येथे प्रसंग आगमनाचा आहे, पण पुरुषाची अनुपस्थिती हेच चित्राचे रचनासूत्र आहे. निरोप दाखवायचा नाही आणि विरह सुचवायचा, हा मार्ग भारतीय चित्रकाराला अनोळखी नव्हता, हे यावरून दिसते.

समुद्राचा विचार करताना आणखी एका परंपरेची दखल घ्यावी लागते. तमिळ 'तोल्काप्पियम्' या ग्रंथाने प्रेमकाव्यासाठी पाच भूप्रदेश मानले व प्रत्येकाला एक भावस्थिती नेमून दिली. त्यांतील 'नेय्दल' म्हणजे समुद्रकिनारा. त्याची वेळ दिवस मावळतानाची, त्याची माणसे मासे मारणारे परदवर आणि त्याची भावस्थिती 'इरंगल', म्हणजे व्याकुळ होऊन झुरणे. किनारा दिसला की व्याकुळता ओळखावी असा हा काव्यसंकेत कोतेच्या कितीतरी शतके आधीचा आहे. परंतु येथेही एक बारकावा ध्यानात घ्यायला हवा. नेय्दलच्या अनेक कवितांत नायिका परदवांची मुलगी असली, तरी ती ज्याच्यासाठी झुरते तो रथातून येणारा किनाऱ्याचा अधिपती असतो. होडीतून जाणारे तिचे बाप आणि भाऊ हे पार्श्वभूमीचा भाग आहेत. मच्छीमाराच्या समुद्राने भाव दिला. पण मच्छीमाराच्या निरोपाला त्या भावाचा विषय होता आले नाही.

४

आता मुंबईच्या किनाऱ्याकडे वळता येईल. येथील पारंपरिक मासेमारीतील प्रमुख साधन म्हणजे डोल. समुद्रतळाशी रोवलेल्या खुंटांच्या आधाराने पसरलेले हे पिशवीसारखे जाळे भरती-ओहोटीच्या प्रवाहावर काम करते. बोंबील, जवळा, कोलंबी हे त्याचे मुख्य उत्पन्न. यावरूनच 'डोलकर' हे नाव आले. या मासेमारीत निघण्याची वेळ घड्याळ ठरवीत नाही, पाणी ठरवते. कधी पहाटे, कधी मध्यरात्री, कधी भर दुपारी होडी निघते आणि बहुधा त्याच किंवा दुसऱ्या दिवशी परत येते. निरोप येथे वर्षातून एकदा येणारा सोहळा नसून महिन्यातून अनेकदा घडणारी, पाण्याच्या वेळापत्रकाला बांधलेली गोष्ट आहे. विधीचे गांभीर्य एकाच दिवसाकडे गोळा झाले आहे. तो दिवस नारळी पौर्णिमेचा. पावसाळ्यात बंद राहिलेला समुद्र त्या दिवशी नारळ अर्पण करून पुन्हा खुला मानला जातो. तेथे निरोप एका कुटुंबाचा नसतो, साऱ्या कोळीवाड्याचा असतो; आणि तो वाजतगाजत असतो.

दुसरा भेद त्याहून महत्त्वाचा आहे. कोळी स्त्री 'राहणारी' नाही. होडी बंदराला लागली की मासळी तिच्या ताब्यात येते. निवडणे, सुकविणे, भाव ठरविणे, बाजारात बसून विकणे आणि आलेला पैसा सांभाळणे हा व्यवहार तिचा. ससून डॉकसारख्या १८७५ मध्ये बांधलेल्या धक्क्यावर पहाटे दिसणारी गर्दी मोठ्या प्रमाणात स्त्रियांची असते. पुरुष समुद्रावर जातो तेव्हा स्त्री किनाऱ्यावर थांबत नाही. ती शहरात जाते. जाणे दोघांचेही आहे, दिशा तेवढ्या वेगळ्या. कोतेच्या त्रिपटातील उजवा फलक येथे रिकामाच राहील.

चित्रकारांनी नेमकी ही शहरात जाणारी स्त्री उचलली. म. वि. धुरंधर (१८६७–१९४४) यांनी ऑटो रॉथफेल्ड यांच्या 'विमेन ऑफ इंडिया' (१९२०) या ग्रंथासाठी केलेल्या चित्रांत मुंबईच्या मासळीवालीचाही समावेश आहे. जातीजमातींचे नमुने मांडणाऱ्या त्या वासाहतिक ग्रंथात ती ठसठशीत, आत्मविश्वासाने उभी आणि आपल्या पोशाखासह 'नमुना' झालेली दिसते. पुरुष, होडी आणि जोखीम यांना त्या प्रकारच्या चित्रात जागाच नव्हती.

या प्रतिमेला दुःखाचे परिमाण दिले ते बी. प्रभा (१९३३–२००१) यांनी. नागपूरजवळच्या बेला या गावी जन्मलेल्या, नागपूर येथे व नंतर जे. जे. स्कूलमध्ये शिकलेल्या प्रभांना समुद्र जन्माने मिळालेला नव्हता. विदर्भातून मुंबईत आल्यावर तो त्यांच्या दृष्टीस पडला. शिल्पकार बी. विठ्ठल यांच्याशी १९५६ मध्ये त्यांचा विवाह झाला. सुरुवातीच्या प्रदर्शनातील त्यांची तीन चित्रे डॉ. होमी भाभा यांनी घेतली आणि त्याच सुमारास एअर इंडियाने त्यांची चित्रे घेऊन आपल्या संग्रहाचा आरंभ केला. लांबविलेल्या आकृती, झुकलेल्या पापण्या, एकाच रंगाचे वर्चस्व असलेली सपाट पार्श्वभूमी आणि डोक्यावर किंवा समोर माशांची टोपली ही त्यांच्या कोळिणींची ओळख. स्त्रियांच्या वाट्याला आलेली यातना रंगविणे हे आपले ध्येय असल्याचे त्यांनी सांगितले होते.

प्रभांच्या चित्रांचा सर्वसाधारण अर्थ 'प्रतीक्षा' आणि 'विरह' असा लावला जातो. दोन-तीन स्त्रिया शेजारी बसल्या आहेत, कोणी कोणाकडे पाहत नाही, मागे समुद्राची सूचना देणारी निळी-हिरवी पट्टी आहे. असे चित्र पाहताना त्यांचे पुरुष समुद्रावर आहेत आणि त्या वाट पाहत आहेत असे मानण्याकडे मन झुकते. हे वाचन चूक आहे असे म्हणता येणार नाही. पण ते आपोआप येते हीच अडचण आहे. त्यामागे ब्रॅमली-कोतेची परंपरा आहे, प्रोषितभर्तृका आहे, नेय्दल आहे. चित्रातील टोपलीकडे मात्र त्यामुळे दुर्लक्ष होते. ती टोपली भरलेली असते. म्हणजे होडी येऊन गेली आहे, मासळी हाती पडली आहे; उरले आहे ते विकणे. झुकलेल्या पापण्यांतला भाव विरहाचा नसून श्रमाचा, पहाटेपासूनच्या जागरणाचा आणि न विकल्या गेलेल्या मालाच्या चिंतेचाही असू शकतो. प्रभांनी म्हटलेली यातना समुद्राने दिलेली आहे की बाजाराने, हा प्रश्न चित्र खुला ठेवते. विरहाचे वाचन तो बंद करते.

५

निरोपाचा क्षण चित्रात आला नाही. मात्र गीतात आला. कोळीगीतांच्या लोकपरंपरेवर शान्ता शेळके यांनी लिहिलेली आणि हृदयनाथ मंगेशकर यांनी संगीत दिलेली दोन गीते मराठी घराघरात पोहोचली. 'वादळवारं सुटलं गो' या गीतात वादळात होडी पाण्यात लोटून गेलेल्या प्रियकराविषयी किनाऱ्यावरची स्त्री बोलते, तर 'मी डोलकर' मध्ये दर्यावर सत्ता सांगणारा पुरुषाचा स्वर आहे. पहिल्यात राहणारीचा आवाज, दुसऱ्यात जाणाऱ्याचा. कोतेच्या त्रिपटाचे बाजूचे दोन फलक जणू दोन स्वतंत्र ध्वनिमुद्रणांत विभागले गेले आणि मधला फलक, दिव्याखालचे कुटुंब, कोणीच लिहिला नाही. पुरुष गीतात गेला, श्रम करणारी स्त्री चित्रात गेली. ही विभागणी मराठी सांस्कृतिक व्यवहाराची आहे, कोळी कुटुंबाची नाही.

मल्याळममध्ये हाच मधला फलक कादंबरीने भरून काढला. तकळी शिवशंकर पिळ्ळै यांच्या 'चेम्मीन' (१९५६) या कादंबरीला १९५७ मध्ये साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. समुद्रावर गेलेल्या पुरुषाचा जीव किनाऱ्यावरच्या पत्नीच्या पातिव्रत्यावर अवलंबून असतो, या समजुतीभोवती ती रचलेली आहे. येथे निरोपाच्या क्षणी सगळा नैतिक भार स्त्रीवर टाकला जातो : पुरुष बुडाला तर दोष लाटेचा नाही, तिचा. प्रतीक्षेचे सौंदर्य रंगविणाऱ्या चित्रांमागे हा भार दडलेला असू शकतो, हे 'चेम्मीन' वाचल्यावर विसरता येत नाही. 'राहणाऱ्या' स्त्रीची स्थिर, शांत प्रतिमा जितकी देखणी, तितकी तिच्याकडून केलेली अपेक्षाही कठोर असते.

६

या प्रतिमांचा दिल्लीशी असलेला संबंध योगायोगाचा नाही. साहित्य अकादमीचे उद्‌घाटन १२ मार्च १९५४ रोजी आणि राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयाचे जयपूर हाउसमध्ये २९ मार्च १९५४ रोजी झाले. एकाच महिन्यात स्थापन झालेल्या या दोन संस्थांनी किनाऱ्यावरच्या साहित्याला आणि चित्रांना राष्ट्रीय वाचक-प्रेक्षक मिळवून दिला. प्रभांची चित्रे या संग्रहालयाच्या संग्रहात आहेत. समुद्रापासून हजार किलोमीटरच्या आसपास अंतरावर असलेल्या या शहरात कोळीण ही भारतीय विविधतेचे एक रूप म्हणून पाहिली जाते. जेथे टोपलीचा वास नाही, बाजारातला आवाज नाही, तेथे चित्रातील शांतता अधिक ठळक होते आणि विरहाचा अर्थ सहज पटतो. पाहण्याची जागा बदलली की चित्राचा भावही बदलतो.

परंतु दिल्लीशी या विषयाचा आणखी एक संबंध आहे आणि तो संग्रहालयाबाहेरचा आहे. यांत्रिकीकरणानंतर मासेमारी किनाऱ्यापासून दूर गेली. बर्फ घेऊन निघालेल्या नौका अनेक दिवस समुद्रावर राहू लागल्या. सागरी सीमेजवळ पकडले गेलेले भारतीय मच्छीमार पाकिस्तानच्या तुरुंगांत वर्षानुवर्षे राहिल्याची उदाहरणे आहेत. त्यांत गुजरातच्या नौकांवर खलाशी म्हणून गेलेले पालघर जिल्ह्यातील, विशेषतः डहाणू-तलासरी भागातील आदिवासी तरुणही आहेत. २१ मे २००८ च्या भारत-पाकिस्तान वाणिज्यदूत संपर्क करारानुसार दरवर्षी १ जानेवारी आणि १ जुलै या दिवशी नवी दिल्ली आणि इस्लामाबाद येथे एकाच वेळी कैदी व मच्छीमार यांच्या याद्यांची देवाणघेवाण होते. पालघरच्या एखाद्या पाड्यावरच्या कुटुंबासाठी यादीत नाव असणे म्हणजे माणूस जिवंत असल्याची वार्ता. जे वादळात सापडले त्यांच्यासाठी अशी यादीही नाही. सात वर्षे कोणतीही वार्ता नसेल तर मृत्यू गृहीत धरता येतो, ही १८७२ च्या पुरावा कायद्यातील तरतूद २०२३ च्या भारतीय साक्ष्य अधिनियमातही कायम आहे. फ्रँक हॉलच्या चित्रातील वार्ता नसलेले घर असे कायद्याच्या भाषेतही शिल्लक आहे.

आदिवासी खलाशाच्या घरची स्त्री धुरंधरांच्या चित्रात नाही, प्रभांच्या चित्रांत नाही, कोळीगीतातही नाही. तिच्यापाशी टोपली नाही, बंदर नाही, मासळीवरचा हक्क नाही. नौका दुसऱ्याची, बंदर दुसऱ्या राज्यातले आणि निरोपाची जागा बहुधा बसथांबा. कोतेच्या त्रिपटातील 'राहणाऱ्या' या शब्दाला आज मराठी मुलुखात खरा अर्थ मिळतो तो कदाचित तिच्या संदर्भात. मात्र प्रतीक्षेच्या प्रस्थापित प्रतिमेत तिला बसविणे हाही अन्यायच ठरेल, कारण तीही थांबलेली नाही. घर चालविण्यासाठी तिला रोज मजुरीला जावे लागते.

मराठीत 'निरोप' या शब्दाचे दोन अर्थ आहेत : रजा आणि संदेश. निरोप घेतला जातो, दिला जातो, आणि निरोप पाठवलाही जातो. एकाच शब्दाने जाणे आणि जाणाऱ्याकडून येणारी वार्ता यांची सांगड घातली आहे. वार्ता येत नाही तोवर निरोप पुरा होत नाही असेच जणू भाषेला सुचवायचे आहे. कोतेच्या चित्रात पहिला अर्थ पूर्णत्वाला गेला आहे, दुसऱ्याला तेथे वाव नाही, कारण शोकांतिका आधीच ठरलेली आहे. कोळी आणि किनारपट्टीवरील अन्य श्रमिक कुटुंबांच्या जगण्यात दुसराच अर्थ निर्णायक ठरतो : होडी लागली का, मासळी किती आली, यादीत नाव आहे का. या कुटुंबांच्या चित्रांतील भाव वाचताना केवळ झुकलेल्या पापण्यांकडे पाहून विरहाचा निष्कर्ष काढण्यापेक्षा टोपली भरलेली आहे की रिकामी, ती कोणाच्या मालकीची आहे आणि चित्राबाहेर कोणता निरोप यायचा राहिला आहे, हे विचारणे अधिक उचित होईल. त्रिपटाचा मधला फलक मराठीत अजून रंगवायचा आहे. तो रंगविणाऱ्याला दिव्याखालच्या जेवणाबरोबर या प्रश्नांचीही जागा करावी लागेल.